पटाच्या बैलाला विसावा, मग दुचाकीस्वाराला का नाही?

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे नागपूर-चंद्रपूर महामार्गावर, भद्रावतीजवळच्या कोणत्याही चहाच्या टपरीपाशी थोडा वेळ थांबावे. दिवस उजाडायच्या आत दुचाकीस्वारांचे जथे येऊ लागतात. अंगात जाड जाकिटे, हातात मोजे, हेल्मेटवर बसवलेला छोटा कॅमेरा आणि गाडीच्या दांडीवर मोबाइलचा नकाशा. कोणी नागपूरचे, कोणी वर्ध्याचे, कोणी चंद्रपूरचे. या हौसेत वावगे काहीच नाही. उलट तरुणांनी घराबाहेर पडावे, प्रदेश पाहावा, यंत्राची जाण वाढवावी हे चांगलेच आहे. मात्र गप्पांना कान दिला की एक बदल जाणवतो. पूर्वी 'कुठे जाऊन आलात?' असे विचारले जाई. आता 'किती तासांत जाऊन आलात?' असे विचारले जाते. भटकंतीत घड्याळ शिरले की तिची शर्यत होते. मग तिला नाव काहीही द्या.

हौशी दुचाकीस्वारांच्या या दीर्घ पल्ल्याच्या शर्यती, ज्यांना सहनशक्तीच्या शर्यती म्हणण्याचा प्रघात आहे, आता महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. त्यांवर सरसकट बंदी घाला, असे म्हणणारा एक वर्ग आहे. तरुणांना मोकळीक द्या, असे म्हणणारा दुसरा. दोन्ही बाजू मूळ मुद्दा चुकवतात. दोष हौसेत नाही, तिला दिलेल्या स्वरूपात आणि नियमांत आहे. जो नियम कमी झोपणाऱ्याला विजेता ठरवतो, तो नियम अपघात घडवणारच. तेव्हा नियमच असे हवेत की विश्रांती घेणारा जिंकेल.

गणित काय सांगते?

या हौसेतील सर्वात प्रसिद्ध मानदंड अमेरिकेतून आलेला आहे. आयर्न बट असोसिएशन या संस्थेने 'सॅडल सोअर' नावाची एक कसोटी रूढ केली. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १,६१० किलोमीटर अंतर दुचाकीवरून कापायचे. भारतातही शेकडो स्वारांनी ही कसोटी स्वतःवर लावून घेतली आहे. नागपूरहून मुंबई गाठून पुन्हा नागपूरला परतावे, साधारण तेवढे हे अंतर, आणि तेही एका दिवसात.

आता साधे गणित करू. केंद्र सरकारने २०१८ साली जाहीर केलेल्या कमाल वेगमर्यादेनुसार दुचाकीला चौपदरी विभाजित रस्त्यावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटरची मुभा आहे. एखाद्या स्वाराला सगळा रस्ता चौपदरी मिळाला, कुठेही सिग्नल, गाव, जनावर वा पथकर नाका आडवा आला नाही आणि तो प्रत्येक क्षणी बरोबर ८० च्या वेगाने चालला, असे समजू. तरी १,६१० किलोमीटरला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. पेट्रोल, जेवण, शौच आणि झोप यांसाठी मिळून चार तासही उरत नाहीत. रस्ता दुपदरी असेल तर ताशी ६० च्या मर्यादेत हेच अंतर कापायला जवळजवळ २७ तास हवेत. म्हणजे कायदा पाळून ही कसोटी पार पडणे प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य आहे. रात्री सहा तास झोपायचे म्हटले तर उरलेल्या अठरा तासांत सरासरी ताशी ८९ किलोमीटर पडते. सरासरी ८९ ठेवायची म्हणजे अनेकदा ११० ते १२० च्या वेगाने जावे लागते, हे कोणताही चालक सांगेल. ज्या दोन द्रुतगती मार्गांवर असा वेग सहज घेता येईल, त्या मुंबई-पुणे आणि समृद्धी या दोन्ही मार्गांवर दुचाकींना मुळात प्रवेशच नाही.

स्वार बेजबाबदार आहे म्हणून येथे नियम मोडला जात नाही. स्पर्धेची आखणीच नियम मोडायला भाग पाडणारी आहे. एखादा अतिशय सावध, शहाणा, सर्व संरक्षक साधने घातलेला तरुणही या आखणीत शिरला की त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: झोप कापायची किंवा वेग वाढवायचा. बहुतेक जण दोन्ही करतात.

रस्त्यांवरची स्थिती आधीच भयावह आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मरण पावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. या आकड्यात हौशी शर्यतींचा वाटा नगण्य असेलही. पण ज्या रस्त्यावर रोज इतकी माणसे मरतात, तो रस्ता कोणाच्याही सहनशक्तीची परीक्षा घेण्याची जागा होऊ शकत नाही.

कायदा आणि त्याची पळवाट

मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ याबाबत स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. 'वेगाची चाचणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेजारी दुसरी गाडी धावत नसली, तरी घड्याळाशी लावलेली शर्यत या शब्दांच्या बाहेर राहतेच असे नाही. एकटे निघायचे, प्रत्येक पेट्रोल पंपावरची वेळ छापलेली पावती जपायची आणि नंतर प्रमाणपत्र मागायचे, ही सध्याची पद्धत म्हणजे एक पळवाट आहे. शर्यत आहे, पण आयोजक नाही; आयोजक नाही म्हणून रुग्णवाहिका नाही, विमा नाही आणि अपघात झाला तर जबाबदारही कोणी नाही.

या संदर्भात आणखी एका कायद्याची आठवण करून द्यावीशी वाटते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ या कायद्याने पगारी चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या कामाची मर्यादा घातली. सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असेही त्याने सांगितले. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय. पण चार वा सहा चाकांवर, बंद केबिनमध्ये बसून गाडी हाकणाऱ्या माणसाला आठ तास पुरे, असे ज्या समाजाने साठ वर्षांपूर्वी मान्य केले, तोच समाज दोन चाकांवर, उघड्या वाऱ्यात, सतत तोल सांभाळणाऱ्या हौशी स्वाराच्या वीस तासांना पराक्रम म्हणून टाळ्या देतो.

जग कोणत्या वाटेने गेले?

सहनशक्तीच्या मोटारसायकल शर्यतींचा इतिहास शंभर वर्षांचा आहे आणि तो पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. या खेळाचे नियम सातत्याने विश्रांतीच्या दिशेने सरकत गेले आहेत. फ्रान्समधील 'बोल दॉर' ही चोवीस तासांची शर्यत १९२२ साली सुरू झाली. सुरुवातीला एका गाडीवर एकाच स्वाराला मुभा होती. चोवीस तास एकाच माणसाने गाडी चालवायची, हाच तिचा दरारा होता. पुढे १९५४ पासून दोन स्वारांना परवानगी मिळाली आणि आज तीन स्वार पाळीपाळीने गाडी चालवतात. १९७८ साली सुरू झालेल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या आणि जपानमधील सुझुकाच्या आठ तासांच्या शर्यतींतही स्वार बदलतात. यामुळे त्या शर्यती मिळमिळीत झाल्या, असे कोणी म्हणत नाही. उलट स्वार, यंत्रज्ञ आणि वेळेचा हिशेब ठेवणारा माणूस या साऱ्यांचा मिळून तो खेळ झाला.

वाळवंटातील डकार रॅली तर धाडसाचे दुसरे नाव. तेथेही मोटारसायकलस्वाराला इंधन भरण्याच्या ठिकाणी पंधरा मिनिटे सक्तीने थांबावे लागते. तो वेळ निकालात धरला जात नाही, त्यामुळे घाई करून काही मिळत नाही. २०११ पासून तेथे मोटारसायकलींच्या इंजिनाला ४५० सीसीची मर्यादा आहे. २०२१ पासून स्वारांना हवेच्या पिशवीचे संरक्षक जाकीट बंधनकारक झाले. त्याच २०२१ च्या रॅलीत, डकारमध्ये उतरलेला पहिला भारतीय स्वार सी. एस. संतोष याला गंभीर अपघात झाला आणि त्याला काही काळ औषधाने बेशुद्ध अवस्थेत ठेवावे लागले. तो वाचला, कारण अपघात होणारच हे गृहीत धरून तेथे हेलिकॉप्टर आणि डॉक्टर सज्ज होते. २०२४ साली हरिथ नोहा या केरळच्या स्वाराने याच रॅलीत 'रॅली-२' गटात विजय मिळवला. भारतीय स्वारांत कसब आहे, यात शंका नाही. पण ते कसब नियमांच्या आणि व्यवस्थेच्या चौकटीत फुलले आहे, रात्रीच्या महामार्गावर नव्हे.

हौशी माणसासाठी याहून जवळचे उदाहरण सायकलचे आहे. 'ब्रेव्हे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या आता महाराष्ट्रातील अनेक शहरांत होतात. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडणारी 'रॅम' ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून विदर्भातही या प्रकाराबद्दलचे कुतूहल वाढले. ब्रेव्हेचा नियम मोठा शहाणपणाचा आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस. वाटेवरची प्रत्येक चौकी ठरावीक वेळेला बंद होते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ती ठरावीक वेळेच्या आधी उघडतही नाही, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. २०० किलोमीटरचा शेवटचा शिक्का पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत मिळूच शकत नाही. जो फार लवकर पोहोचेल, त्याने दार उघडेपर्यंत बसून राहावे. आणि निकालात क्रमांक नसतात. ज्याने वेळेत पूर्ण केले, तो यशस्वी. या एका युक्तीने शर्यतीतला वेडेपणा काढून टाकला आणि कस तेवढा राखला.

भद्रावतीचा रस्ता कोणाचा?

आता हे सारे आपल्या रस्त्यावर आणून पाहू. भद्रावती हे काही रिकाम्या माळावरचे गाव नाही. पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारे जैन यात्रेकरू, विजासनची लेणी पाहायला येणारे बौद्ध उपासक, भद्रनागाच्या मंदिरातले भाविक ही येथली नित्याची वर्दळ. एका बाजूला आयुधनिर्माणी, दुसऱ्या बाजूला माजरी परिसरातील कोळसा खाणी. खाणींतून निघालेले अवजड ट्रक दिवसरात्र रस्त्यावर असतात. पाळी संपवून मध्यरात्री घरी निघालेला कामगारही दुचाकीवरच असतो. त्याच्या डोळ्यांवर झोप असते, अंगावर जाकीट नसते आणि गाडीचा दिवा कधी अंधुक असतो. सहनशक्तीची खरी परीक्षा तो रोज देतो. बक्षिसाविना, कॅमेऱ्याविना. ताशी ११० च्या वेगाने येणाऱ्या हौशी स्वाराच्या वाटेत अचानक कोणी आले, तर ते बहुधा हाच कामगार असेल.

पूर्वेकडे वळले की जंगल सुरू होते. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, तर ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. मोहर्लीकडे जाणारे रस्ते असोत की चंद्रपूरहून मूलकडे आणि पुढे गडचिरोलीकडे जाणारा रस्ता, रात्री हे रस्ते माणसांपेक्षा प्राण्यांचे अधिक असतात. चितळ, रानडुक्कर, नीलगाय, अस्वल आणि वाघही डांबरावर येतात. अंधारात दिव्याच्या झोतात सापडलेले चितळ पळत नाही, जागीच थिजते. ताशी ६० च्या वेगात स्वार कदाचित थांबू शकेल. १०० च्या वेगात दोघेही जातात. कर्नाटकातील बंडीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद ठेवली जाते. आपल्याकडे पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा कराव्या लागल्या. वन्यजीवांसाठी महामार्गाची आखणी बदलली जात असताना, हौसेसाठी त्याच जंगलातून रात्री गाड्या पिटाळणे कोणत्याही तर्कात बसत नाही.

हवामानाचाही विचार हवा. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांच्या घरात जातो. त्या उन्हात जाकीट आणि हेल्मेट घालून सलग तीन-चार तास गाडी चालवणाऱ्याच्या शरीरातले पाणी आटते आणि मेंदू मंदावतो; स्वाराला मात्र ते कळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरतो. म्हणजे अशा स्पर्धेला योग्य काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच.

शंकरपटाने घातलेला धडा

येथेच आपल्या मातीतील एका जुन्या शर्यतीकडे पाहावेसे वाटते. शंकरपट हा विदर्भाचा जुना खेळ. पिके निघाली, शेते मोकळी झाली की पट भरायचा. दिवसा बैलजोड्या धावायच्या आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगायचे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. त्यानंतर शौकिनांनी आणि राज्य सरकारने काय केले? केवळ परंपरेचा जप केला नाही. नियम तयार केले. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतीची नियमावली आणली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या सुधारित कायद्यांवर शिक्कामोर्तब केले.

त्या नियमावलीत काय आहे? जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी. धावण्याचे अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक नाही. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी. धावण्याआधी विश्रांती. एका जोडीला एका दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा पळवायचे नाही. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना बंदी. मुक्या जनावराला थकवा सांगता येत नाही म्हणून त्याच्या वतीने कायदा बोलला, हे योग्यच झाले. मात्र थकलेल्या माणसालाही आपला थकवा कळत नाही, हे आपण विसरतो. झोपेने ग्रासलेला स्वार 'मी ठीक आहे' असेच सांगतो आणि ते त्याला खरेही वाटत असते. मग जे संरक्षण पटाच्या बैलाला आहे, ते दुचाकीस्वाराला का नसावे?

स्पर्धा कशी असावी?

टीका करून थांबणे सोपे असते. म्हणून भद्रावतीसारख्या ठिकाणी हौशी सहनशक्ती शर्यत घ्यायचीच झाली, तर तिचे स्वरूप कसे असावे, याचा एक आराखडा येथे मांडतो.

पहिली गोष्ट जागेची. चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा येथे आहेत तशा तोलाचे शर्यतमार्ग आपल्या भागात नाहीत आणि नजीकच्या काळात होण्याची शक्यताही दिसत नाही. पण पट जेथे भरतो ती मोकळी शेते आहेत. पीक निघालेल्या शेतात, मालकाच्या संमतीने व मोबदला देऊन, ट्रॅक्टरने दीड-दोन किलोमीटरचे वळणावळणाचे मातीचे रिंगण तयार करता येते. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर मात्र असा खेळ मांडू नये. ते उतार केव्हा घसरतील याचा भरवसा नसतो. रिंगणात समोरून ट्रक येत नाही, कामगार येत नाही, चितळही येत नाही. प्रेक्षक दोरीमागे, सुरक्षित अंतरावर. मातीवर वेग आपोआप कमी राहतो आणि पडणाऱ्याला डांबराएवढा मार बसत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. चोवीस तासांचा हट्ट सोडावा. सकाळी नऊ ते बारा, एक तास सर्वांना सक्तीची सुट्टी आणि पुन्हा एक ते चार, अशी सहा तासांची शर्यत हौशी माणसाचा कस पाहायला पुरेशी आहे. एका संघात तीन स्वार असावेत. एका वेळी कोणीही अर्ध्या तासापेक्षा अधिक गाडी चालवू नये. स्वार बदलताना गाडी बंद करून किमान पाच मिनिटे थांबणे बंधनकारक असावे, म्हणजे तापलेल्या इंजिनावर घाईने पेट्रोल ओतण्याचा मोह राहणार नाही. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सारे संपलेले असावे.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट गुणांची. ब्रेव्हेच्या चौकीचा नियम येथे आणावा. सरावाच्या दिवशी रिंगणाच्या एका फेरीची किमान वेळ ठरवावी. त्याहून कमी वेळात मारलेली फेरी मोजूच नये. असे झाले की अविचारी वेगाची किंमत शून्य होते. मग जिंकायचे कसे? फेरीमागून फेरी त्या किमान वेळेच्या जवळ राहून, गाडी न पाडता, न बिघडवता, स्वारबदलात गोंधळ न करता. थकलेल्या स्वाराच्या फेऱ्या एकसारख्या पडत नाहीत. ताज्या स्वाराच्या पडतात. म्हणजे जो संघ विश्रांतीचे नियोजन नीट करील, तोच पुढे जाईल. सहनशक्तीचा खरा अर्थ हाच आहे.

चौथी गोष्ट यंत्राची आणि पैशाची. गट एकच असावा: १२५ सीसीपर्यंतच्या, कारखान्यातून आलेल्या मूळ स्वरूपातील गाड्या. इंजिन, सायलेन्सर, चाके यांत फेरबदल नाहीत. ही गाडी शेतकऱ्याच्या घरीही असते आणि खाणकामगाराच्याही. त्यामुळे दोन-तीन लाखांच्या गाडीचा मालकच जिंकणार, हे टळते. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, मोजे, बूट, पाठीचे आणि गुडघ्यांचे संरक्षण सक्तीचे असावे. ज्याच्याकडे नसेल त्याला आयोजकांनी ते द्यावे. प्रवेश शुल्क याच खर्चासाठी घ्यावे.

पाचवी गोष्ट वैद्यकीय व्यवस्थेची. जागेवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका हवी. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, तेव्हा जखमीला घेऊन रुग्णवाहिका निघाली की दुसरी येईपर्यंत शर्यत थांबलीच पाहिजे, हा नियम लेखी असावा. मोटार खेळांत लाल झेंड्याचा अर्थ सर्वत्र तोच आहे. देशातील या खेळाची नियामक संस्था असलेल्या एफएमएससीआयची मान्यता आणि तिच्या नियमांनुसार विमा घेतल्याशिवाय जिल्हा प्रशासनाने परवानगी देऊ नये.

ज्यांना रस्त्यावरचाच प्रवास हवा आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. ठरावीक सरासरी वेगाने, ठरावीक वेळेला प्रत्येक चौकीवर पोहोचायचे, असा 'वेळ-वेग-अंतर' प्रकार देशात पूर्वीपासून चालत आला आहे. त्यात उशिरा येणाऱ्याला दंड असतो, तसा लवकर येणाऱ्यालाही. येथे लवकर येण्याचा दंड उशिराच्या दुप्पट करावा. सरासरी वेग ताशी ४० च्या वर ठरवू नये. दर दोन तासांनी अर्ध्या तासाचा थांबा, दिवसाला कमाल आठ तास, सूर्यास्तानंतर प्रवास नाही आणि व्याघ्र प्रकल्पातून मार्ग नाही, एवढ्या चार अटी कागदावर आणि प्रत्यक्षात पाळाव्यात. शाळा सुटण्याच्या व खाणीची पाळी बदलण्याच्या वेळा टाळून वेळापत्रक बसवावे.

आक्षेप आणि उत्तर

या आराखड्यावर दोन आक्षेप येतील. स्वार म्हणतील, यात थरार कुठे आहे? त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की एकट्याने चोवीस तास चालवण्याचा नियम बदलला तेव्हा फ्रान्समध्येही असेच म्हणणारे असतील. पण सत्तर वर्षांनंतर ती शर्यत जिवंत आहे. जो खेळ आपल्या खेळाडूंना जपतो तोच टिकतो. महामार्गावरच्या एका अपघाताने मात्र साऱ्या जिल्ह्यातील हौशी स्वारांवर बंदीचे सावट येईल, आणि ते योग्यच ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. जेथे श्वास घेणे कठीण, तेथे आणखी धूर कशाला, असे कोणी विचारले तर त्याला उडवून लावता येणार नाही. वीस छोट्या गाड्या एका दिवसात जेवढा धूर सोडतील, त्याहून अधिक कोळशाचे ट्रक तासाभरात सोडतात, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. म्हणून वर्षातून एकच दिवस, मूळ सायलेन्सर, धूळ बसवण्यासाठी पाण्याचे टँकर आणि वस्तीपासून अंतर या अटी हव्यातच. विजेवर चालणाऱ्या दुचाकींसाठी याच रिंगणात वेगळा गट ठेवला, तर बॅटरी किती जपून वापरली हीदेखील सहनशक्तीचीच कसोटी ठरेल.

प्रश्न उरतो तो पुढाकाराचा. पोलीस कारवाई करतील, पण पर्याय देणार नाहीत. ते त्यांचे कामही नाही. गावोगावचे दुचाकी क्लब पर्याय देऊ शकतात, पण त्यांना परवानग्यांची वाट माहीत नसते. जिल्हा क्रीडा कार्यालय, परिवहन विभाग, पोलीस आणि वन विभाग यांनी एकदा एकत्र बसून एक छोटी नियमावली केली, तर ती भद्रावतीपुरती न राहता राज्याला उपयोगी पडेल. शंकरपटाची नियमावली करायला आपल्याला बंदी यावी लागली आणि सात वर्षे न्यायालयाच्या दारात उभे राहावे लागले. दुचाकीच्या बाबतीत तेवढी वाट पाहू नये. येथे उशीर झाला तर त्याची किंमत तरुण जिवांनी मोजावी लागेल.

तोपर्यंत एक बदल आपल्यापैकी प्रत्येकाला आजच करता येईल. रविवारी टपरीवर एखादा स्वार भेटला, तर 'किती तासांत आलास?' असे विचारू नये. 'वाटेत किती वेळा थांबलास?' असे विचारावे. ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर तो अभिमानाने देईल, त्या दिवसापासून रस्ता त्याच्यासाठी आणि पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारासाठीही थोडा अधिक सुरक्षित होईल.